सेट-टॉप बॉक्समधलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा: घरच्या डीटीएच बॉक्सला यूएसबीनं लावलेल्या हार्डडिस्कवर गेल्या तीन वर्षांत चाळीसेक कार्यक्रम साठले आहेत. त्यात आईची एका मराठी वाहिनीवर झालेली तासाभराची मुलाखत आहे, नाट्यसंगीताच्या दोन-तीन मैफली आहेत, बाकी मालिका. आता कंपनी बदलायची आहे, जुना बॉक्स परत जाणार. डिस्क लॅपटॉपला लावली तर विंडोज म्हणतं, ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा.’ आता पुढे काय?

आधी त्या खिडकीत ‘रद्द करा’ दाबा, डिस्क काढा आणि पुन्हा बॉक्सला जोडून रेकॉर्डिंगची यादी दिसते का बघा. डिस्क बिघडलेली नाही. बहुतेक बॉक्सच्या पोटात लिनक्स चालतं आणि ते डिस्क स्वतःच्या पद्धतीनं आखतं, बहुधा ईएक्सटी-३ किंवा तिच्याच भावंडांपैकी एखादी. विंडोजला ती आखणी वाचता येत नाही म्हणून ते डिस्कला कोरी समजतं. एकदा फॉरमॅट केलं की नंतर एखाद्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनं फाइली वर काढल्या तरी बॉक्सकडची यादी गेलेली असते, आणि यादीत नसलेली फाइल बॉक्स चालवत नाही.

आता खरी अडचण. विंडोजला आखणी वाचता आली असती तरी काम झालं नसतं, कारण आतल्या फाइली कुलूपबंद आहेत. डीटीएच किंवा डिजिटल केबलची पैसे भरायची वाहिनी मुळात सांकेतिक रूपातच घरी येते. बॉक्स ती सोडवून टीव्हीवर दाखवतो, पण डिस्कवर लिहिताना पुन्हा कुलूप घालून लिहितो, आणि त्या कुलपाची किल्ली बॉक्सच्या चिपशी किंवा आतल्या कार्डाशी बांधलेली असते. म्हणून शेजारच्यांकडे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बॉक्स असला तरी तुमची डिस्क तिथे चालणार नाही. बॉक्स जळाला आणि तंत्रज्ञानं नवा बसवून दिला, तरी जुनी रेकॉर्डिंगं उघडत नाहीत. टाटा स्काय प्लससारख्या, आतच हार्डडिस्क असलेल्या बॉक्सचंही तेच. स्क्रू काढून डिस्क बाहेर घेण्यात काही हशील नाही, शिवाय बॉक्स कंपनीच्या मालकीचा असला तर तो उघडल्याचा भुर्दंड वेगळा.

म्हणजे ‘फाइल बाहेर कशी काढू’ हा प्रश्नच सोडून द्यायचा. बॉक्स चालू आहे, रिचार्ज शिल्लक आहे, तोवर कार्यक्रम बॉक्सवर लावायचा आणि टीव्हीकडे जाणारं चित्र-आवाज लॅपटॉपमध्ये टिपून घ्यायचं. एका तासाच्या कार्यक्रमाला एक तास लागतो, त्याला जवळची वाट नाही. रिचार्ज संपला की बऱ्याच सेवांमध्ये साठवलेलं रेकॉर्डिंगही चालत नाही, तेव्हा नवं कनेक्शन आलं म्हणून जुनं लगेच बंद करू नका. एक महिना दोन्ही चालू ठेवा.

चाळीस कार्यक्रम म्हणजे चाळीस तास. एवढं करायची खरंच गरज आहे का, ते आधी बघा. मालिकांचे भाग वाहिन्यांच्या ॲपवर किंवा यूट्यूबवर बहुधा असतातच, आणि ते तुमच्या टिपणीपेक्षा स्वच्छ दिसतात. दूरदर्शन सह्याद्रीही आपले कार्यक्रम यूट्यूबवर टाकतं. कार्यक्रम गावातल्या केबलच्या स्थानिक चॅनेलवरचा असेल, म्हणजे गणेशोत्सवाचं वृत्तांकन, शाळेचं स्नेहसंमेलन, व्याख्यानमाला, तर सरळ पेनड्राइव्ह खिशात टाकून त्यांच्या कचेरीत जा. मूळ फाइल त्यांच्याच कॉम्प्युटरवर असते आणि ते जुनं साहित्य पुसत असतात, तेव्हा जितक्या लवकर जाल तितकं बरं. एवढी चाळणी लावल्यावर चाळिसातले पाच-सहाच उरतात, असा अंदाज धरायला हरकत नाही. मुलाखतीपासून सुरुवात करा.

कुलूप आहे की नाही, याची चाचणी

हे सगळं गृहीत धरण्याआधी दहा मिनिटांची चाचणी करून घ्या, कारण सगळे बॉक्स कुलूप घालत नाहीत. डीडी फ्री डिशसाठी बाजारात मिळणारे साधे बॉक्स मोफत वाहिन्या जशा येतात तशाच पेनड्राइव्हवर उतरवतात.

मोकळा पेनड्राइव्ह बॉक्सला लावा आणि ज्या वाहिनीचं काम आहे तिचंच पाच मिनिटं रेकॉर्डिंग करा. मग तो कॉम्प्युटरला लावा. इथेही विंडोज फॉरमॅट मागत असेल तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर उबंटू लिनक्स घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि ‘इन्स्टॉल’ न करता ‘ट्राय’ हा पर्याय निवडा. लिनक्सला ती आखणी वाचता येते. आत आकड्यांची नावं असलेले फोल्डर आणि त्यांत एक-दोन मोठ्या फाइली दिसतील. त्यांतली सर्वांत मोठी लॅपटॉपवर उतरवून व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा.

चित्र दिसलं तर नशीब जोरावर आहे. पडदा काळा राहिला, हिरवे-गुलाबी ठोकळे आले किंवा फाइल उघडलीच नाही, तर कुलूप आहे. यात बरेच जण एका गोष्टीनं फसतात. व्हीएलसी कधीकधी कार्यक्रमाचा कालावधी बरोबर दाखवतं, घड्याळही पुढे सरकतं, आणि वाटतं की फाइल ठीक आहे, फक्त एखादा कोडेक, म्हणजे चित्र-आवाज उलगडणारा सॉफ्टवेअरचा तुकडा, कमी पडतोय. तसं नसतं. बॉक्स लिहितो ती ट्रान्सपोर्ट स्ट्रीम प्रकारची फाइल १८८ बाइटच्या पाकिटांची बनलेली असते आणि कुलूप फक्त पाकिटाच्या आतल्या मालाला असतं, वरचा पत्ता उघडाच राहतो. कालावधीचा हिशेब लावायला तेवढं पुरतं. कोडेक पॅक टाकत बसू नका. मीडियाइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर अशा फाइलीवर बहुधा ‘एन्क्रिप्टेड’ असा शेरा दाखवतं.

फाइल उघडी निघाली तर

फ्री डिशवाल्यांचं काम सोपं आहे, पण चार खड्डे आहेत. पहिला खड्डा तुकड्यांचा. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीनं आखलेला असतो आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून बॉक्स लांब कार्यक्रमाचे ०००, ००१, ००२ असे तुकडे पाडतो. तुकडा पाकिटाच्या अधेमधे कुठेही पडलेला असतो, त्यामुळे व्हिडिओ एडिटरमध्ये ते एकापुढे एक ठेवले तर सांध्यावर चित्र फुटतं. आधी बाइटला बाइट जोडून घ्यायचं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘कॉपी’ ही आज्ञा, तिच्यामागे तिरकी रेघ आणि ‘बी’ हे अक्षर, मग तुकड्यांची नावं क्रमानं अधिक चिन्हानं जोडून, शेवटी नव्या फाइलीचं नाव. ‘बी’ विसरलात तर विंडोज त्या फाइलींना मजकूर समजून मध्येच थांबू शकतं.

दुसरा खड्डा आवाजाचा. एसडी वाहिन्यांचा आवाज बहुधा एमपी-२ प्रकारचा असतो. फाइल नुसती एमपी-४ च्या डब्यात हलवली तर कॉम्प्युटरवर सगळं ठीक आणि फोनवर मात्र मूकपट. चित्राला हात न लावता फक्त आवाज एएसी या फोनला चालणाऱ्या प्रकारात बदला, म्हणजे झालं.

तिसरा पावसाचा. फ्री डिश केयू बँडवर येते आणि जोराचा पाऊस या लहरी गिळतो. सिग्नल दोन-तीन सेकंद गेला की फाइलीतल्या वेळेच्या खुणा उडी मारतात. व्हीएलसी ती उडी सांभाळून घेतं, पण हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइल बदलून घेतली की त्या जागेपासून पुढे ओठ आणि शब्द यांची फारकत होते. अशा जागी फाइल कापून दोन भाग करा, दोन्ही वेगवेगळे बदलून घ्या आणि मग जोडा. जुलै-ऑगस्टमधल्या रेकॉर्डिंगमध्ये हे हटकून तपासा.

चौथा आकाराचा. बऱ्याच एसडी वाहिन्यांचं चित्र ७२० × ५७६ नसून ५४४ × ५७६ असतं आणि ते दाखवताना ताणायचं असतं. बदलताना मूळ गुणोत्तर कायम ठेवलं नाही तर माणसं उंच आणि किडकिडीत होतात. जागेचं म्हणाल तर सेकंदाला ३ मेगाबिटची एसडी वाहिनी तासाला सुमारे १.३५ जीबी खाते, एचडी त्याच्या दुप्पट-तिप्पट.

कुलूप असेल तर: पिवळी, लाल, पांढरी

तुमच्या डीटीएच बॉक्सला हाच मार्ग. बॉक्सच्या मागे पिवळं-लाल-पांढरं एव्ही आउटपुट असतं, किंवा नव्या बॉक्सवर हेडफोनच्या भोकासारखं एकच ‘एव्ही’ भोक. पिवळ्यातून चित्र, लाल-पांढऱ्यातून दोन बाजूंचा आवाज. हे यूएसबी कॅप्चर स्टिकमध्ये द्यायचं, स्टिक लॅपटॉपला.

एचडीएमआय का नाही, हे विचाराल. बॉक्सच्या एचडीएमआयवर एचडीसीपी नावाचं संरक्षण असतं. समोरचं यंत्र नोंदलेला टीव्ही आहे अशी खात्री पटल्याशिवाय बॉक्स चित्र सोडत नाही. स्वस्त एचडीएमआय कॅप्चर डोंगल लावलं की काळा पडदा येतो किंवा बॉक्सचाच एक संदेश. ते संरक्षण चुकवणारे स्प्लिटर बाजारात सुचवले जातील, त्या वाटेला जाऊ नका. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं ध्वनी वा दृश्यमुद्रण प्रक्षेपणाच्या हक्काचा भंग ठरत नाही. पण २०१२ मध्ये आलेलं कलम ६५-अ तांत्रिक संरक्षण मोडण्याबद्दल आहे, आणि हक्कभंगाच्या हेतूनं ते मोडणं हा गुन्हा आहे. पिवळ्या वायरीतून कुठलंच कुलूप न तोडता काम होतं. किंमत एवढीच की एचडी कार्यक्रमही ५७६ ओळींचा होतो. मुलाखतीला ते पुष्कळ झालं.

केबलची वायर थेट जुन्या टीव्ही ट्यूनर कार्डाला लावून चालेल का, हाही नेहमीचा प्रश्न. नाही. केबलचं डिजिटायझेशन मुंबईत २०१२ च्या शेवटी आणि देशभर टप्प्याटप्प्यानं २०१७ पर्यंत झालं. तेव्हापासून भिंतीतून येणारी केबलची वायर थेट अशा कार्डाला लावून काही दिसत नाही.

स्टिक मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास किंवा ऑनलाइन पाचशे-हजार रुपयांत मिळते. ‘ईझीकॅप’ या नावाखाली बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या, पण आत निरनिराळ्या चिप असलेल्या स्टिक विकल्या जातात, आणि सोबतच्या सीडीतला ड्रायव्हर दुसऱ्याच चिपचा निघू शकतो. घेताना ‘यूव्हीसी’ म्हणजे ड्रायव्हरशिवाय चालणारी मागा. विंडोज ११ वर जी स्टिक अडते तीच लिनक्सवर बऱ्याचदा चालते, कारण एसटीके-११६० आणि यूटीव्ही-००७ या दोन नेहमीच्या चिपचे ड्रायव्हर तिथे आधीपासून असतात. दुकानदार ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर आणि पुढे एचडीएमआय डोंगल अशी जोडी देऊ लागला तर नको म्हणा. असला कन्व्हर्टर सेकंदाच्या ५० झलकांचं (झलक म्हणजे फ्रेम) बहुधा ६० करतो आणि हलणारं सगळं अडखळत चालतं.

एकच भोक असलेल्या बॉक्सची वायरही फसवी असते. चार कड्यांची ती पिन दिसायला सारखीच, पण कुठल्या कडीवर काय हे वायरीगणिक बदलतं. पिवळ्यातून चित्र येत नसेल आणि स्पीकरमधून जोराचा गुरगुराट येत असेल, तर बॉक्स खराब ठरवण्याआधी लाल आणि मग पांढरं टोक पिवळ्या भोकात घालून पाहा. चित्र बरेचदा लाल टोकावर सापडतं. नाही सापडलं तर बॉक्ससोबत आलेलीच वायर शोधा. जोडण्याआधी बॉक्सचा आणि लॅपटॉपचा प्लग काढा. डिशच्या वायरीतून कधीकधी झिणझिण्या येतात, तोच प्रवाह स्टिकलाही जातो.

जुळवाजुळव

बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचं गुणोत्तर १६:९ करा, प्रमाण पॅल, म्हणजे भारतात चालणारी चित्राची पद्धत, ठेवा, आपोआप स्टँडबाय बंद करा. टीव्ही एचडीएमआयवर तसाच राहू द्या, रिमोट चालवताना मेनू बघायला बरा पडतो. एव्हीवर काहीच येत नसेल तर मात्र एचडीएमआय काढून बघा, काही बॉक्स दोन्ही एकदम देत नाहीत. पिवळ्या वायरीला वाय-आकाराचा जोड लावून एक फाटा टीव्हीला, एक स्टिकला, हे करू नका. सिग्नल वाटला जातो आणि चित्र काळपट होतं.

स्टिक थेट लॅपटॉपच्या भोकात लावा, यूएसबी हबमध्ये नाही. ७२० × ५७६ चं न दाबलेलं चित्र सेकंदाला सुमारे २१ मेगाबाइट वाहतं. त्याच हबवर माउस आणि हार्डडिस्क असली की झलका गळायला लागतात.

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ, मोफत आहे आणि पुरेसं आहे. सोर्सेसमध्ये ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ घ्या, त्यात रिझोल्यूशन ‘कस्टम’ करून ७२० × ५७६, एफपीएस २५, व्हिडिओ फॉरमॅट वायूवाय-२. व्हिडिओ स्टँडर्डचा पर्याय असेल तर पॅल-बी. ते एनटीएससीवर राहिलं तर चित्र कृष्णधवल येतं, गोल फिरतं किंवा खालची पट्टी कापली जाते. अमेरिकेतल्या बॉक्सवरून हेच करणाऱ्यानं मात्र एनटीएससी, ७२० × ४८० आणि २९.९७ धरायचं.

मुख्य सेटिंगच्या व्हिडिओ पानावर बेस आणि आउटपुट दोन्ही १०२४ × ५७६, एफपीएस ५०. जुना, चौकोनी पडद्याचा कार्यक्रम असेल तर ७६८ × ५७६ ठेवा आणि बॉक्सही ४:३ वर न्या. मग सोर्सवर उजवी क्लिक, ट्रान्सफॉर्म, ‘स्ट्रेच टू स्क्रीन’.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाणारी गोष्ट. पॅल चित्र एका झलकेत पूर्ण येत नाही. आधी विषम ओळी, मग सम ओळी, अशा सेकंदाला ५० अर्ध्या झलका येतात. त्या नीट सोडवल्या नाहीत तर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. सोर्सवर उजवी क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये ‘याडिफ २एक्स’ निवडा, फील्ड ऑर्डर ‘टॉप फील्ड फर्स्ट’. बरोबर आहे की नाही हे ओळखायला बातम्यांची वाहिनी लावा आणि खालची सरकती पट्टी बघा. अक्षरं गुळगुळीत सरकली तर ठीक. प्रत्येक अक्षर दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे असं थरथरत असेल तर ऑर्डर उलटी आहे, ‘बॉटम’ करा. ही परीक्षा चेहऱ्यावर करू नका. बसून बोलणारा माणूस इतका कमी हलतो की चूक लपते आणि नेमकी मैफलीत, तबलजीच्या बोटांवर, उघडी पडते.

आवाज वेगळा जोडावा लागतो. स्टिकचा आवाज विंडोजला मायक्रोफोनसारखा दिसतो, तो ‘ऑडिओ इनपुट कॅप्चर’नं घ्या. आणि लॅपटॉपचा खरा मायक्रोफोन ओबीएसच्या मिक्सरमध्ये बंद करा, नाहीतर आईच्या मुलाखतीत स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या कायमच्या बसतील. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या इनपुटची ‘एन्हान्समेंट’ बंद करा. ती बोलण्यासाठी बनवलेली असते आणि तानपुऱ्याला गोंगाट समजून दाबते. एव्हीतून येणारा आवाज बॉक्सच्या रिमोटनं कमी-जास्त होतो, तेव्हा तो तिथेच असा ठेवा की ओबीएसची पट्टी मोठ्या आवाजाला उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये पोचेल. लाल टोकाला आदळली तर फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

आउटपुटमध्ये रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, एमपी-४ नाही. मध्येच वीज गेली किंवा लॅपटॉप अडकला तर अर्धवट एमपी-४ उघडत नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. नंतर ओबीएसच्या फाइल मेनूतल्या ‘रीमक्स’नं तिची दोन मिनिटांत एमपी-४ होते. एन्कोडर एक्स-२६४, सीआरएफ १८, प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’, आवाज एएसी १९२. तासाला दीड-दोन जीबी धरा.

पाच मिनिटं टिपून, ओबीएस बंद करून, फाइल हेडफोन लावून बघा. मगच तासाभराचं लावा. रात्री लावून झोपायचं असेल तर लॅपटॉपची झोप बंद, विंडोज अपडेट थांबवलेलं, आणि टूल्समधल्या ‘आउटपुट टायमर’मध्ये कार्यक्रमाची वेळ अधिक पाच मिनिटं. कार्यक्रम संपला की बॉक्स आपोआप चालू वाहिनीवर येतो, टायमर नसेल तर सकाळपर्यंतच्या जाहिराती डिस्कवर सापडतील.

हे हमखास बिघडतं

गुणगुण आणि चित्रात वर सरकणारे आडवे पट्टे हे जोडीनं येतात. डिशची वायर आणि लॅपटॉपचा चार्जर यांच्या अर्थिंगमध्ये फरक असला की असं होतं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, लगेच फरक कळेल. बॅटरी तास काढत नसेल तर बॉक्स आणि चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

आवाज मागे-पुढे होण्याचे दोन प्रकार आहेत आणि औषधं वेगळी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखाच असेल तर ओबीएसच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये सिंक ऑफसेट द्या, २५ च्या हिशेबानं एक झलक म्हणजे ४० मिलिसेकंद. सुरुवातीला ठीक आणि तासाच्या शेवटी अर्धा सेकंद फरक, असं असेल तर स्टिकमधली चित्राची आणि आवाजाची घड्याळं जुळत नाहीत, तिथे ऑफसेट कामाचा नाही. आवाज वेगळा काढून ऑडॅसिटी या आवाज-संपादकात ‘चेंज टेम्पो’नं तेवढाच ताणा किंवा आवळा. मोजायला मैफलीत तबल्याची ठळक थाप आणि मुलाखतीत ‘प’ किंवा ‘ब’ घ्या, त्या अक्षरांना ओठ मिटतात.

पैठणीच्या बारीक काठावर किंवा चौकड्याच्या शर्टावर इंद्रधनुषी चमक दिसली तर सेटिंग बदलत बसू नका. पिवळ्या एकाच तारेत रंग आणि उजेड एकत्र कोंबलेले असतात, बारीक रेघा त्याला रंग वाटतात. ते तसंच राहणार.

कार्यक्रम चालू असताना पडद्यावर अचानक काही आकडे चमकून जातात, तेही टिपले जातात. ती बॉक्सची ओळख असते, चोरून पुनर्प्रक्षेपण करणारा सापडावा म्हणून. घरी बघायला त्यानं काही बिघडत नाही. मात्र तो तुकडा समाजमाध्यमांवर टाकायचा विचार असेल तर तो थांबवा, खासगी वापराची सूट तिथे संपते. रिचार्जच्या आठवणीच्या पट्ट्याही अशाच मध्ये येतात, म्हणून टिपायला बसण्याआधी रिचार्ज भरून टाका.

कापणं आणि ठेवणं

जाहिराती काढायला लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर चांगलं, कारण ते चित्र पुन्हा दाबत नाही. ते ठरावीक मुख्य झलकेवरच कापतं, त्यामुळे कात्री काही सेकंद अलीकडे सरकते. पहिला शब्द गिळला जाण्यापेक्षा जाहिरातीची शेपूट राहिलेली बरी. नाव ठेवताना तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस, मग वाहिनी, मग कार्यक्रम, म्हणजे यादी आपोआप लागते. कापलेल्या फाइलीसोबत न कापलेली मूळ एमकेव्हीही ठेवा.

बॉक्स परत द्यायच्या आधी प्रत्येक फाइल कॉम्प्युटरवर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या मिनिटाला उघडून बघा, मुलाखत मात्र पूर्ण. एक प्रत लॅपटॉपवर, एक भावंडाकडे. आणि बॉक्स गेल्यावर ती जुनी हार्डडिस्क पुन्हा लॅपटॉपला लावा. विंडोज परत फॉरमॅटचं विचारेल. आता ‘हो’ म्हणा, पद्धत एनटीएफएस निवडा, आणि तिसरी प्रत तिच्यावर ठेवा.